आधी उटी लावा

या पुस्तकातलं पहिलं प्रकरण इंजिनाबद्दल नाही, जॅकबद्दल आहे. कच्चा मजकूर वाचणाऱ्या दोघा मित्रांची त्यावर तक्रार होती. जुन्या जीपचं पुस्तक हातात घेणारा माणूस इंजिन शोधत येणार, आणि तुम्ही त्याला सुरुवातीलाच दगड, उटी आणि घोडीच्या गोष्टी सांगत बसणार, असं त्यांचं म्हणणं. तक्रार रास्त होती. तरी मी क्रम बदलला नाही, त्याची हकिकत आधी सांगतो.

२००४ च्या उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या आमच्या घराच्या अंगणात मी जीपचं मागचं डावं चाक काढत होतो. अंगणाला रस्त्याच्या बाजूनं किंचित उतार आहे. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून तो मीच गवंड्याकडून काढून घेतलेला. हॅंडब्रेक करकचून ओढला होता, वर गिअरही टाकून ठेवला होता. जॅक फिरवला, चाक शहाबादी फरशीवरून चार बोटं उचललं गेलं, आणि गाडी कसलाही आवाज न करता मागे निघाली. जॅक कलंडला, चाक आदळून फरशीचे तीन तुकडे झाले, मागच्या कोपऱ्यानं तुळशीवृंदावनाचा कठडा पाडला. माझा पाय तिथून वीतभर लांब होता.

"अहो, हॅंडब्रेक तरी लावायचा!" बायको दारातून म्हणाली. लावला होता, हेच तर तिला पटवता येईना. मलाही पटत नव्हतं.

कारण दोन दिवसांनी रोशन गेटकडच्या एका उस्तादांनी समजावलं. आपल्या मोटारीचा हॅंडब्रेक मागच्या चाकांच्या ड्रममध्ये लागतो. या जुन्या जीपचा तिथे लागतच नाही. ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी एक छोटा ड्रम असतो, तो तिथे लागतो. म्हणजे ब्रेक शाफ्टला धरतो, चाकांना नाही. दोन्ही चाकं जमिनीवर असली तर फरक पडत नाही. एक चाक उचललं, की डिफ्रन्शियल आपलं काम करतं: शाफ्ट जागच्या जागी अडलेला, जमिनीवरचं चाक मागे फिरतं आणि हवेतलं चाक तितकंच पुढे. गाडी मोकळी! गिअर टाकून ठेवण्याचाही उपयोग नाही, कारण गिअरसुद्धा त्याच शाफ्टमधून चाकांना धरतो. उपाय साधा आहे. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावायची, फोर बाय फोरचा दांडा टाकायचा, पुढचे हब लॉक करायचे, म्हणजे पुढची चाकंही त्या ब्रेकला जोडली जातात. आणि जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही. आधी घोडी लावायची, मग शिरायचं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर वृंदावन वाचलं असतं. म्हणून पहिलं प्रकरण जॅकचं.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यातली. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे, आणि त्याच्या कडेच्या सर्व्हिस रोडवर माझी उमेदीची वर्षं सरकारी जीपमध्ये गेली. त्या रस्त्यांना रस्ता म्हणणं हा खात्याच्या कागदांचा मोठेपणा. पोळ्याच्या सुमाराला मराठवाड्याची काळी माती ओली झाली, की ती चाकाला चिकटते, चाकाची खाच भरते, मग मडगार्ड भरते, आणि शेवटी गाडी चाकांवर नाही तर चिखलाच्या चार गोळ्यांवर उभी राहते. तिथे ड्रायव्हर खाली उतरून, दात-ओठ खात हब फिरवायचा, छोटा दांडा पुढे लोटायचा आणि जीप म्हशीसारखी संथपणे बाहेर यायची. मी मागच्या सीटवर फायली सांभाळत बसलेला. दांडा टाकल्यावर खाली नेमकं काय होतं, हा प्रश्न मला इंजिनिअर असूनही पंधरा वर्षं पडला नाही, याची आज लाज वाटते.

मग २००३ मध्ये खात्याच्या निर्लेखित वाहनांच्या लिलावात १९८९ ची एक महिंद्रा एमएम ५४० मी घेतली. निर्लेखित हा कागदावरचा शब्द. तोंडी भाषेत कंडम. अशी गाडी आता लिलावात मिळायची नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणीच रद्द होते आणि ती थेट मोडीत जातात. तेव्हा ज्यांच्या दारात ही गाडी आहे त्यांनी ती जपावी, एवढंही कारण मला पुरतं.

जीपच्या इतिहासावर उत्तम पुस्तकं आहेत, इथे दोन-चार ओळीच लिहितो. १९४० मध्ये अमेरिकी लष्करानं हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी मागितली आणि त्यातून पुढे विलिसची जीप आली. १९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली आणि त्याच सुमारास मुंबईत विलिसच्या जीप जोडू लागली. आणखी एक गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा जुन्या जीपचाच होता. १९४८ मध्ये लष्करासाठी इंग्लंडमार्फत दुरुस्त केलेल्या जीप मागवल्या गेल्या आणि आलेली खेपच वापरण्याजोगी निघाली नाही. दुरुस्त केलेली जीप कागदावर घेऊ नये, खाली वाकून बघावी, हा धडा देशाला तेव्हापासून मिळालेला आहे.

एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या परवान्यानं भारतात बनलेलं एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, २११२ सीसी. खालचा सांगाडा मात्र अमेरिकन घराण्याचा. इथेच घरगुती कारागिराची पहिली फजिती होते. इंजिन फ्रेंच, म्हणून त्याचे नट-बोल्ट मिलिमीटरचे. एक्सल, पाटे, शॅकल, स्टीअरिंगचे जोड अमेरिकन, म्हणून इंचांचे. एका गाडीत दोन देशांचे आटे. ९/१६ इंचाच्या नटाला १४ चा पाना चढत नाही. १५ चा चढतो, आणि पहिल्याच झटक्याला नटाचे कोपरे खातो. पाऊण इंची आणि १९ चा पाना मात्र एकमेकांना खुशाल चालतात, त्यामुळे माणूस गाफील राहतो. त्याहून वाईट म्हणजे ५/१६ इंची बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट. शेजारी ठेवले तर जुळे वाटतात. एकाच्या जागी दुसरा लावला तर दोन-तीन आटे गोडीनं जातो, मग अडतो. नवशिका म्हणतो गंज असेल, आणि पाना दाबतो. तिथे आटे जातात, आणि बोल्टच्या पाच मिनिटांच्या कामाला लेथवाल्याकडची अर्ध्या दिवसाची फेरी चिकटते. माझ्या गाडीत तर आधीच्या मालकानं, म्हणजे सरकारनं, मिळेल तो बोल्ट मिळेल तिथे मारलेला होता. पहिल्या पावसाळ्यात मी फक्त बोल्ट ओळखायला शिकलो.

लेथवाल्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. हे पुस्तक दुसऱ्या एखाद्या जिल्ह्याच्या गावी बसून लिहिणं अवघड गेलं असतं. चिकलठाणा, मग वाळूज, मग शेंद्रा अशा वसाहतींनी या शहराला फिटर, टर्नर आणि टूलरूमवाल्यांचं गाव केलं आहे. बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्यामागे सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली. इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलेली पोरं गल्लोगल्ली आहेत. मला पाट्याचं गनमेटलचं बुश हवं होतं, तेव्हा जीपच्या दुकानात ते नव्हतं, पण आमच्या ओळीतल्या तिसऱ्या घरात व्हर्निअर होतं, डायल गेज होतं आणि ते वापरणारा माणूस रात्रपाळी करून झोपलेला होता. त्याला उठवायचं नाही, दुपारी चारनंतर जायचं, एवढंच पथ्य.

सगळ्यात जास्त पानं मी डिझेलमधल्या हवेला दिली आहेत, कारण रस्त्यात बंद पडलेल्या जुन्या डिझेल जीपचं ते नेहमीचं दुखणं आहे. टाकीत तेल आहे, सेल्फ जोरात फिरतोय, हीटर तापतोय, तरी इंजिन धरत नाही. मिस्त्री म्हणतो, गाडीनं एअर घेतली. मला हे नीट कळलं ते पाणचक्कीवर. आपल्या गावातल्या जुन्या नहरी मातीच्या नळांनी लांबून पाणी आणत आणि त्यांच्यावर जागोजाग उंच बंबे बांधलेले आहेत. बंद नळात हवा अडकली तर पाणी पुढे सरकत नाही. तिला वर निघायला वाट लागते. डिझेलचंही तसंच आहे. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पंप हवेलाच दाबत बसतो आणि नोझलपर्यंत जोर पोचत नाही. तुमच्या जीपचा बंबा म्हणजे फिल्टरवरचा छोटा स्क्रू. तो अर्धा फेरा सैल करून फीड पंपाचा हातपंप मारायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड तेल. अखंड तेल आलं की हातपंप मारत असतानाच स्क्रू आवळायचा. त्यानं नाही भागलं तर नोझलचे युनियन नट एकेक करून सैल करायचे आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. तिथे बोट किंवा तळहात कधीही आणू नका. नोझलमधून तेल शंभर बारहून जास्त दाबानं सुटतं आणि ते कातडीतून आत शिरतं. ही जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि हात गमावण्यापर्यंत जाऊ शकते. आणि हवा काढून झाली म्हणजे काम झालं असं नाही. ती आली कुठून? बहुतेक वेळा टाकीकडून येणाऱ्या जुन्या हौज पाईपला केसासारखी चीर असते. तिथून तेल गळत नाही, फक्त हवा ओढली जाते, म्हणून महिनोन्महिने सापडत नाही.

फोर बाय फोरबद्दल गैरसमज इतके आहेत की त्यांचं वेगळं प्रकरण करावं लागलं. या जीपला पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफ्रन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, ती तफावत मातीत चाक घसरून निघून जाते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती कुठेच जात नाही. शाफ्टमध्ये पीळ साठत जातो. जालना रोडवर ऐटीत चारही चाकं लावून फिरणाऱ्यांचे प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस का तुटतात ते यावरून कळेल. चार टायर सारख्या मापाचे आणि सारखे झिजलेले नसतील तर सरळ रस्त्यावरही तेच. आणि चिखलातून वर आल्यावर दांडा अडकला, निघेना, तर त्यावर हातोडी घालू नका. गाडी पाच-सहा फूट मागे घ्या. पीळ उलटा सुटतो आणि दांडा दोन बोटांनी निघतो. म्हैसमाळच्या वाटेवर एका तरुण मालकाला मी हे दाखवलं, तर त्याला वाटलं मी काही मंत्र म्हटला.

उस्तादांकडे मी आठ-दहा वर्षं रविवारी जाऊन बसत असे. ते शिकवत नसत. काम करत आणि मला बघू देत. त्यांच्या दखनीतली दोन वाक्यं मी गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवली आहेत. गंजलेल्या बोल्टवर मी पान्याला पाईप लावून लटकलो, तेव्हा ते म्हणाले होते, "जोर नक्को लगाओ साहब, पहले तेल पीने दो उसको." डिझेल आणि ऑईल मिसळून रात्रभर सोडलेला बोल्ट सकाळी खरोखर सुटतो. दुसरं वाक्य एकाच शब्दाचं: "हल्लू." चाकाचं बेअरिंग आवळताना ते हा शब्द दर फेऱ्याला म्हणत. चाक हातानं फिरवत नट आवळायचा, चाक जड झालं की थांबायचं, मग फेऱ्याचा सहावा हिस्सा मागे घ्यायचा. पुस्तकी माप आहे खरं, पण त्यांना ते माप माहीत नव्हतं. त्यांचं मनगट तिथेच थांबायचं. मी नंतर कोन मोजून पाहिला.

त्यांच्याकडूनच मी आवाज ऐकायला शिकलो. गिअर टाकताना खालून एकदाच "टक्" येतो तो प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा. टोपी काढली तर सुयांच्या जागी विटकरी भुकटी निघते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर हौसिंगमधून घुमणारा सूर आला आणि पाय काढताच गेला, तर क्राउन-पिनियन बोलतंय. पाण्यातून गाडी काढल्यावर दुसऱ्या दिवशी हौसिंगचा प्लग उघडा. ९० नंबरचं ऑईल चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे, सगळं बदला.

इथे मला जे खरं सांगायचं आहे ते येतं. घरी दुरुस्ती शिकल्यानं मी मिस्त्रीवाचून मोकळा झालो, असं झालं नाही. उलट त्याच्याकडे जास्त जाऊ लागलो. मात्र "गाडी काहीतरी आवाज करतेय" एवढं सांगून किल्ली हातात ठेवणारा गिऱ्हाईक राहिलो नाही. "तिसऱ्यात, चढावर, उजवीकडून," असं सांगू लागलो. उस्ताद तेव्हापासून खुर्ची देऊ लागले. मालक अडाणी असला की चांगला मिस्त्रीही हळूहळू आळशी होतो, हे माझं मत आहे, आणि ते अनेक मिस्त्रींनी खाजगीत मान्य केलं आहे.

याच कारणानं पुस्तकाची भाषा गॅरेजची ठेवली आहे. पाना, गोटी पाना, पक्कड, पाटा, पॅकिंग, निप्पल, हौसिंग हे शब्द जसेच्या तसे येतील. पारिभाषिक कोशातले शब्द घेऊन काउंटरवर गेलात तर दुकानदार तुम्हाला चहा पाजेल, पण माल देणार नाही. अमेरिकी लष्करानं ही अडचण कधीच ओळखली होती. जीपच्या देखभालीची जाडजूड नियमावली त्यांच्याकडे होती, ती कोणी वाचेना. म्हणून १९५१ पासून विल आइस्नर या चित्रकाराकडून त्यांनी देखभालीचं चक्क चित्रमय मासिक काढून घेतलं. माझ्याकडे आइस्नर नाही. पुतणीनं काढलेल्या आकृत्या आहेत, आणि त्या माझ्या वाक्यांपेक्षा स्पष्ट आहेत.

काय घरी करू नये, हेही ठिकठिकाणी लिहिलं आहे. इंजेक्शन पंपाचं कॅलिब्रेशन घरी होत नाही. त्याला बेंच लागतो. क्राउन-पिनियनची बैठक कागदाएवढ्या पातळ शिमांवर ठरते, ती अंदाजानं बसवू नका. स्टीअरिंग बॉक्स आणि चेसीचं वेल्डिंग जाणत्याकडेच. ब्रेकचे शू आणि व्हील सिलिंडर घरी बदलता येतात, पण दुसऱ्या माणसानं पाहिल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका. मी आजही दाखवतो. आणि ब्रेक ऑईलच्या जागी हाताशी आहे म्हणून इंजिन ऑईल ओतणारे महाभाग अजून भेटतात: रबराचे कप फुगतात आणि चारही चाकं जाम होतात.

जीप सजवणाऱ्यांसाठी हे पुस्तक नाही. डबवालीच्या बाजारातून रुंद टायर आणि चकचकीत बंपर आणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेससाठी आरटीओच्या दारात उभं राहावं लागतं, हे त्यांनी ध्यानात ठेवावं. पैसे वाचवण्यासाठीही हे पुस्तक नाही. पहिल्या पाच वर्षांत मी वाचवले त्याहून जास्त पैसे पान्यांवर घालवले, आणि स्वयंपाकघरातली एक स्टीलची परात सुटे भाग क्रमानं मांडण्यासाठी कायमची गेली ती वेगळीच. काढलेलं जुनं ऑईल गटारात ओतू नका, एवढी एक विनंती. आपल्याकडचं गटार शेवटी खाम नदीत जातं.

उस्ताद आता नाहीत. त्यांचा मुलगा एका शोरूममध्ये कॉम्प्युटर लावून गाड्या तपासतो आणि ते काम उत्तम करतो. या मजकुरातला कान-मनगटाचा भाग त्यानं वाचून तीन ठिकाणी दुरुस्त करून दिला. रात्रपाळीच्या शेजाऱ्यानं सगळे आटे गेज लावून तपासले. वृंदावनाचा कठडा मी स्वतः बांधला. तो किंचित वाकडा आहे.

पुस्तकातली मापं माझ्या एमएम ५४० वर, पाना लावून पडताळलेली आहेत. जुन्या सीजे जीपवर किंवा नंतरच्या, दुसऱ्या इंजिनाच्या गाड्यांवर काही निराळी निघतील. तशी निघाली तर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिनाची जात लिहून प्रकाशकाच्या पत्त्यावर अवश्य कळवावं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करीन.

छत्रपती संभाजीनगर
खंडेनवमी